दीड वाजताचा राउंड

थर्मामीटर झटकायची त्यांची एक रीत होती. मनगट सैल सोडायचं आणि तीन झटके द्यायचे. दोन नाहीत, चार नाहीत. मग काचेची ती नळी खिडकीकडे धरून डोळे बारीक करून बघायची आणि माणसाकडे न बघताच म्हणायचं, "जीभ वर करा." समोरचा माणूस खरोखर आजारी आहे का, असा प्रश्न त्यांना कधी पडलेला मी पाहिला नाही. तो रविवारी चर्चला आला नव्हता, म्हणजे आजारीच असणार.

गैरहजर राहणाऱ्याला टोमणे मारणारी एखादी बाई तुमच्याही ओळखीत असेल. प्रत्येक चर्चच्या मंडळीत असते. या तशा नव्हत्या. टोमणा परवडला असता. या डबा घेऊन घरी यायच्या.

जयपूरच्या आमच्या मंडळीत त्यांना सगळे मेट्रनबाई म्हणत. हिंदी बोलणारे मेट्रनजी म्हणत. मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. मिशनच्या दवाखान्यात नर्सिंग शिकल्या आणि चोविसाव्या वर्षी इथल्या एका मोठ्या सरकारी दवाखान्यात नोकरीला लागल्या, त्या इथेच राहिल्या. लग्न केलं नाही. निवृत्त झाल्यावर दुर्गापुऱ्यात, रेल्वे स्टेशनच्या मागे दोन खोल्यांत एकट्याच राहायच्या. उंची पाच फुटांच्या आतच, साडी पांढरी नाहीतर फिकट निळी, आणि हिवाळ्यात चपलेच्या आत अंगठ्याचे मोजे. मी ओळखायला लागले तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती, पण चालताना वॉर्डातून चालल्यासारख्या दोन्ही बाजूंना बघत चालायच्या.

आमची ओळख झाली ती माझ्या 'आमेन'मुळे. माझा नवरा सुधीर शेतीच्या संशोधन केंद्रात बाजरीवर काम करतो. त्याची इथे नेमणूक झाली, मला एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचं काम मिळालं आणि आम्ही श्रीरामपुराहून मानसरोवरला राहायला आलो. पहिल्याच रविवारी चर्चला गेलो. सगळी उपासना हिंदीत. प्रभूची प्रार्थना सुरू झाली तेव्हा सगळे हिंदीत म्हणत होते आणि मी सवयीने ओठातल्या ओठात मराठीत. त्यामुळे सगळ्यांचं आमेन होऊन गेल्यावर, शांततेत, माझं एकटीचं आमेन ऐकू आलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उपासना सुटल्यावर एक ठेंगणी बाई गर्दीतून वाट काढत माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"सलाम," ती आमच्याकडच्या ख्रिस्ती रीतीने म्हणाली. "कुठल्या तुम्ही?"

मी सांगितलं.

"मला वाटलंच. तुमचं आमेन मागे राहिलं." मग माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "माझं पण राहतं. मतलब, मी गिळून टाकते."

त्या दिवसापासून आम्ही त्यांच्या बाकावर बसायला लागलो. डावीकडचा तिसरा, खिडकीजवळचा.

त्यांचं एक वाक्य होतं, ते मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ते माझ्याच आवाजात ऐकू येतं. "आधी पाय खाली सोडा, मग ठरवू." हे वाक्य वॉर्डातलं. ऑपरेशन झालेला माणूस दुसऱ्या दिवशी खाटेवरून उतरायला तयार नसतो. दुखत असतं, भीती वाटत असते. त्याला चाला म्हटलं तर तो सिस्टरच्या आईबापांचा उद्धार करतो. म्हणून त्याला चाला म्हणायचंच नाही, फक्त पाय खाली सोडा म्हणायचं. पाय खाली आले की चपला दिसतात. चपला दिसल्या की पाय आपसूक त्यांत जातात. "मग तो आपणच विचारतो, सिस्टर, संडास कुठे आहे," मेट्रनबाई सांगायच्या. "चालायचं कोणाच्याच मनात नसतं हो. पाय सोडायचं मात्र कोणालाही जमतं."

चर्चच्या बाबतीतही त्यांचं तेच म्हणणं होतं. मन लागत नाही, प्रवचन कंटाळवाणं होतं, अशी तक्रार कोणी केली तर त्या वादात पडायच्या नाहीत. मनाचं नंतर बघू, आधी पाय.

मग ती महामारी आली आणि चर्चला कुलूप लागलं. उपासना मोबाईलवर यायला लागली. सुरुवातीला आम्ही आंघोळ करून, चांगले कपडे घालून मोबाईलपुढे बसायचो. महिनाभरात कपडे सुटले. मग आंघोळ मागे पडली. मग मी प्रवचन ऐकता ऐकता कांदा चिरायला लागले आणि कुकरची शिट्टी झाली की पाळकसाहेबांना मध्येच थांबवून ठेवायला लागले. पुढे चर्च उघडलं, पण आमच्या घरातली सोय काही बंद झाली नाही. आणि जयपूरचा हिवाळा तुम्हाला माहीत नसेल तर सांगते, इथली रजई वजनाला काहीच नसते, पण तिच्यातून बाहेर निघणं भल्याभल्यांना जमत नाही. आठवडाभर कॉलेज, प्रयोगशाळा, पेपर तपासणं. रविवारी सकाळी साडेआठला उठायचं, मेट्रोने चांदपोलला जायचं, पुढे रिक्षा, आणि तिथे जाऊन परक्या भाषेत देवाशी बोलायचं. देव तर घरीही आहे, असं मी सुधीरला म्हणायची. सुधीर रजईच्या आतून हो म्हणायचा.

असे तीन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी दुपारी एक वाजता मेट्रनबाईंचा फोन आला.

"बरं नाही का?"

इथे मी आयुष्यातली एक मोठी चूक केली. कंटाळा आला होता असं म्हणायची लाज वाटली, म्हणून म्हणाले, "हो ना, जरा ताप आहे."

"येते," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

दीड वाजता खालच्या गेटवरून वॉचमनचा फोन आला. "मैडम, वो सिस्टरजी आई हैं, डिब्बा लेकर. भेज दूँ?" मी रजईत उडी मारली. सुधीरने दार उघडलं. त्या आत आल्या, माझ्या कपाळाला हात लावला नाही की काही विचारलं नाही. पिशवीतून स्टीलची डबी काढली, डबीतून थर्मामीटर काढला, तीन झटके दिले. "जीभ वर करा." दोन मिनिटं मी छताकडे बघत पडून राहिले. मनात म्हटलं, आता पितळ उघडं पडणार. त्यांनी थर्मामीटर खिडकीकडे धरून पाहिला आणि शांतपणे म्हणाल्या,

"उतरला."

मग डबा उघडला. मुगाची खिचडी, वर थोडं तूप. मी सगळी खाईपर्यंत त्या खुर्चीवर बसून राहिल्या. स्वयंपाकघरात मटण शिजत होतं आणि त्याचा वास साऱ्या घरभर पसरला होता. त्या वासाबद्दल त्यांनी एक अक्षर काढलं नाही. जाताना सुधीरला म्हणाल्या, "आज त्यांना हलकंच द्या. रात्री पण खिचडीच द्या." सुधीरने तो सल्ला अक्षरशः पाळला. मटणाची वाटी एकट्याने संपवताना त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी अजून विसरलेली नाही.

त्यानंतर जेव्हा जेव्हा आम्ही दांडी मारली, तेव्हा तेव्हा दीड वाजता त्या हजर. चर्चमधून घरी जायचं, खिचडी टाकायची, डबा भरायचा आणि ई-रिक्षाने दुर्गापुऱ्याहून मानसरोवर गाठायचं. एकदा सुधीरची पाठ दुखत होती, तर त्याचाही ताप पाहिला. उतरला होता. हळूहळू माझ्या लक्षात आलं की घरी राहण्यात काही सुख उरलेलं नाही. दुपारभर आजारी दिसायचं, केस विस्कटलेले ठेवायचे, खिचडी खायची. त्यापेक्षा चर्चला जाऊन आलेलं काय वाईट? तर असे आम्ही पुन्हा जायला लागलो. दर रविवारी नाही, पण बहुतेक रविवारी. यात भक्ती किती आणि मटण किती, हे देवाला माहीत आहे.

खरं सांगायचं तर तिथे जाऊन मला काही मोठा साक्षात्कार व्हायचा नाही. प्रवचनात मला जांभया यायच्याच. पण प्रार्थनेच्या शेवटी माझं आमेन मागे राहिलं की शेजारून बारीक आवाजात आणखी एक आमेन यायचं. आता त्या ते गिळत नव्हत्या. तेवढ्यासाठी का होईना, मी घरी परतताना खूश असायची.

मग एक जानेवारीतला रविवार आला. धुकं इतकं की समोरची इमारत दिसेना. सुधीर बाजरीच्या कामासाठी बस्सीकडे शेतांवर गेला होता. मी एकटीच घरी. गजर झाला, मी तो बंद केला, आणि पाय खाली न सोडता कूस बदलली. जागी झाले तेव्हा साडेदहा वाजले होते. चर्च बुडालं होतं. मला फार वाईट वाटलं असं नाही. उलट, आता मेट्रनबाई येतील, असं वाटून बरंच वाटलं. मला त्या दीड वाजताची सवय झाली होती हे मला त्या दिवशी कळलं. मटण शिजत घातलं, घर आवरलं, केस मात्र विस्कटलेले ठेवले.

दीड वाजला. दोन वाजले. वॉचमनचा फोन नाही. मीच त्याला फोन केला. "नहीं मैडम, आज सिस्टरजी नहीं आईं." मेट्रनबाईंना फोन लावला, तो बंद. अडीचला पुन्हा लावला, बंद. तीन वाजता मला खरीखुरी भीती वाटायला लागली. एकटी बाई, पंचाहत्तरीच्या पुढची, घरात पडली तर कोणाला कळणार? खिचडी टाकायला वेळ नव्हता. होतं ते मटण डब्यात भरलं, स्कूटर काढली आणि धुक्यातून दुर्गापुऱ्याला निघाले. वाटेत दोनदा डोळे पुसले ते नुसत्या थंडीमुळे नव्हे.

दार ठोठावलं. आतून सरकत्या पावलांचा आवाज आला आणि दार उघडलं. पांढरी साडी, निळी शाल, केस नीट विंचरलेले, खांद्याला बायबलची पिशवी. एका पायात चप्पल, दुसरा पाय नुसता मोज्यात.

"कुठे निघालात?" मी धापा टाकत विचारलं.

"चर्चला. नऊ वाजता निघाले होते." मग नुसत्या मोज्यातल्या पायाकडे बघत, "मतलब, निघत होते."

त्या खाटेवर जाऊन बसल्या. दुसरी चप्पल खाटेखाली तशीच पडली होती.

"बरं वाटत नाही का?"

"बरी आहे. कंटाळा आला."

"तुम्हाला?"

"का? मला येऊ नये?" त्या चिडल्या. "दर रविवारी येतो. हिवाळ्यात तर शनिवारपासून येतो. पाय खाली सोडा, पाय खाली सोडा, हे मी कोणाला सांगत असते असं वाटलं तुम्हाला? मलाच सांगत असते."

"मग आज काय झालं?"

शालीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "एक चप्पल घातली आन् वाटलं, आज नाही गेलं तर? इतकी वर्षं सगळ्यांच्या खाटा बघितल्या. कोणाची खाट रिकामी दिसली की सिस्टरने विचारायचं असतं, मी विचारलं. माझी खाट रिकामी दिसली तर कोणी विचारतं का, म्हटलं बघावं तरी. मतलब, बघत बसले. दीड वाजला. कोणी नाही आलं."

"फोन तरी चालू ठेवायचा होतात."

"फोनवर कोणीही विचारतं," त्या म्हणाल्या.

मग त्यांनीच मान वर करून विचारलं, आणि विचारताना आवाज अगदी लहान झाला होता, "चर्चमध्ये विचारत होते का माझं? कोण कोण विचारत होतं?"

आता बघा, मला खोटं बोलायची सवय होती. ताप नसताना ताप आहे म्हणणारी मी. सगळे विचारत होते, पाळकसाहेबांनी तर प्रार्थनेत तुमचं नाव घेतलं, असं सहज सांगता आलं असतं, आणि त्या खूश झाल्या असत्या. ओठांवर आलं होतं. पण त्या एका चपलेकडे लक्ष गेलं आणि मला ते जमलं नाही.

"मेट्रनबाई, मी आज चर्चला गेलेच नाही. झोपून राहिले."

"मग तुम्हाला कळलं कसं, मी गेले नाही ते?"

"दीड वाजला आणि तुम्ही आला नाहीत."

मग त्यांना हसू फुटलं. आधी खांदे हलले, मग सगळं अंग हलायला लागलं, खाट करकरली. हसता हसता पदराने डोळे पुसत होत्या, आणि पुसून संपत नव्हतं. मीही रडत होते आणि हसत होते.

"बस गं," त्या म्हणाल्या. वॉर्डाच्या सवयीने लहान मुलांनाही तुम्ही म्हणणाऱ्या बाई त्या. मला त्यांनी पहिल्यांदाच तू म्हटलं. "डब्यात काय आणलंस? खिचडी?"

"मटण आहे."

"माहीत आहे. दर रविवारी असतं."

मी लाजेने खाली बघितलं. मग मलाही अवसान आलं. टेबलावरची स्टीलची डबी उचलली, थर्मामीटर काढला आणि झटकला.

"मनगट सैल सोड," त्यांनी बसल्या जागेवरून सांगितलं. "असं नाही, फोडशील. हं. तीनदा."

"जीभ वर करा," मी म्हणाले.

त्यांनी मुकाट्याने जीभ वर केली. दोन मिनिटं त्या छताकडे बघत बसल्या. बाहेरून एक गाडी हळू हळू गेली. थर्मामीटर खिडकीकडे धरून मी फिरवून फिरवून पाहिला, पण धुक्याच्या त्या उजेडात मला पाऱ्याची रेघ काही दिसेना.

"उतरला," मी म्हणाले.

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या आणि मटणाचा डबा पुढे ओढला.

पुढच्या रविवारपासून मी वाकडी वाट करून त्यांना दुर्गापुऱ्याहून स्कूटरवर घ्यायला लागले. सकाळी आठला एकमेकींना फोन. "पाय खाली सोडलेत का?" "एक सोडलाय. तू?" "माझे दोन्ही वरच आहेत." "मग आपण दोघी एकदमच सोडू. हं, सोड." सुधीर म्हणायचा, देवाने तुम्हा दोघींची बरोबर गाठ घालून दिली, एकटीने कोणीच पोचलं नसतं. मला ते अगदी मान्य होतं.

मागच्या वर्षी त्यांचे गुडघे अगदीच ऐकेनासे झाले. श्रीरामपूरला त्यांची भाची असते, ती येऊन त्यांना घेऊन गेली. मी स्टेशनवर पोचवायला गेले होते. गाडी यायच्या आधी त्यांनी पिशवीतून ती स्टीलची डबी काढून माझ्या हातात दिली. "इथे राहू दे. तुझा हात आता बसलाय."

माझ्या हातून त्यांच्याइतका राउंड होत नाही. थंडीत अजूनही कूस बदलावीशी वाटते, आणि कधीकधी बदलतेही. पण तिसऱ्या बाकावर आता मी खिडकीच्या बाजूला बसते आणि उठायच्या आधी एकदा मागे वळून सगळ्या बाकांवरून नजर फिरवते. प्रार्थनेच्या शेवटी माझं आमेन एकटंच मागे राहतं. मीही ते गिळत नाही. आणि दर रविवारी दीड वाजता, जेवायच्या आधी, त्यांना फोन करते.

गेल्या रविवारी केला तर त्यांनी उचलला नाही. पुन्हा केला, पुन्हा नाही. मग भाचीला फोन लावला.

"आत्या घरात नाही," भाची वैतागून म्हणाली. "चर्चमधून आली, खिचडी टाकली, डबा भरला आणि गेली. पलीकडच्या गल्लीतल्या एक बाई आज दिसल्या नाहीत म्हणे. गुडघे धड नाहीत, पण ऐकते का कोणाचं? रिक्षा करून गेली."

"आणि थर्मामीटर?" मी विचारलं.

"नवा घेतला ना आल्या आल्या. सेलवरचा नको म्हणाली, झटकायचाच पाहिजे. चार दुकानं हिंडवलं मला."

मी घड्याळात पाहिलं. दीड वाजून पाच मिनिटं झाली होती.